त्या गाण्यातली शिट्टी माझी नाही

आजवर मी माणसांना इतकं काही सांगितलंय की विचारू नका. स्टेजवरून सांगितलंय, चहाच्या गाड्यावर सांगितलंय, मयतीला गेलो तरी तिथं कोपऱ्यात हळू आवाजात एखादा किस्सा सोडून आलोय. फक्त एक गोष्ट अगदी अलीकडंपर्यंत तोंडातून बाहेर पडली नाही. बायकोला सांगितली नाही, जिवलग मित्राला नाही. अंबाबाईसमोर डोळे मिटून उभा राहिलो तेव्हाही नाही — म्हणजे तिला ठाऊक असणारच, पण माझ्या तोंडून तिनंही ऐकलेली नाही.

आणि पंचाईत अशी आहे की ही गोष्ट खरी आहे. आयुष्यभर मी थापा मारल्या आणि लोकांनी त्या खऱ्या मानल्या. आता खरं सांगायला बसलोय, तर हेच सगळ्यात थापेसारखं वाटणार. वाटू दे. मी तरी काय करू?

आधी मी कोण ते सांगतो. मी शिवाजी पेठेतला बाळासाहेब — ऑर्केस्ट्राचा निवेदक. ऑर्केस्ट्रात निवेदक कशाला असतो, माहितीय? गाण्याची ओळख करून द्यायला? छे. गायिका साडीची निरी सारखी करत असते, कीबोर्डवाल्याची वायर सापडत नसते, ढोलकी उतरलेली असते ती चढवायची असते — तेवढ्या वेळात लोकांनी खुर्चीतून उठू नये म्हणून निवेदक असतो. लोक बसून राहावेत म्हणून मी गाण्यांच्या जन्मकथा सांगायचो. कुठलं गाणं विहिरीत उतरून रेकॉर्ड केलं, कुठल्या गाण्यातला पाऊस म्हणजे सुपात पाखडलेले तांदूळ, कुठल्या घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या करवंट्या, कुठल्या गायकाला ताप भरला होता म्हणून आवाज तसा हळवा लागला. मराठीतलं पहिलं अमुक, हिंदुस्थानातलं एकमेव तमुक! माहिती असली तर उत्तम. नसली तर — तयार करायची. एका गाण्यातली सतार मी आजवर इतक्या वेगवेगळ्या माणसांच्या नावावर चढवली आहे की त्यांची मिळून एक ग्रामपंचायत भरेल.

पण माझा हुकमी किस्सा एकच. शिट्टीचा.

गाण्याचं नाव सांगत नाही, गरजच नाही. ज्या गाण्याची सुरुवात शब्दांनी होत नाही, वाद्यांनी होत नाही, नुसत्या एका लांब शिट्टीनं होते — ते. ती शिट्टी लागली की गारगोटीच्या बाजारात वांगी निवडणाऱ्या बाईचा हात टोपलीतच थांबतो. लग्नाच्या वरातीत नवरदेव घोड्यावर असला तरी मान डोलवतो, आणि घोडाही डोलवतो म्हणतात. (घोड्याचं मी घातलं.) कोल्हापुरातल्याच एका स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं, मी खंजिरी वाजवायला होतो, आणि गेली कित्येक वर्षं सगळा जिल्हा समजतो की ती शिट्टी माझी. मला 'शिट्टीवाले बाळासाहेब' म्हणतात. शाली इतक्या मिळाल्या की थंडीत अख्ख्या गल्लीला पांघरूण पुरेल. शाळांच्या प्रश्नमंजूषेत प्रश्न असतो — शिट्टी कुणाची? उत्तर — मी. आता त्या मोबाइलमध्ये बघितलं तरी मीच.

लोक म्हणायचे, मारून दाखवा की एकदा. त्यावरही माझी तयारी होती. म्हणायचो, रेकॉर्डिंग झालं त्याच दिवशी ती शिट्टी मी अंबाबाईला वाहिली, आता या ओठांनी पुन्हा मारायची नाही. काय टाळ्या पडायच्या! एकदा तर एक म्हातारे गृहस्थ रडले. आणि खरं कारण? मला शिट्टी येतच नाही. तालमीतल्या पोरांनी शिकवून शिकवून हात टेकले. माझ्या तोंडून वारा येतो, आणि थोडी थुंकी.

थांबा — हा कबुलीजबाब नव्हे. नुसत्या थापेसाठी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. पुढं आहे ते. येतो तिकडं. हळूहळू येऊ द्या.

इंदूताई आमच्या पलीकडच्या गल्लीतली. गवळ्याची पोर. माझ्यापेक्षा थोडी मोठी, आवाजानं खणखणीत. घरच्या म्हशी आणि शाळेतली गाणी या दोन्हींवर तिचा सारखा जीव. पुढं गाण्यांच्या कोरसमध्ये तिला बोलावणी यायला लागली. मी तेव्हा काय करत होतो? काही नाही. फुटबॉलच्या टीमनं काढून टाकलेला, बाप घरातून काढायच्या बेतात. तिनंच मला स्टुडिओत नेलं. संगीतकारांना म्हणाली, ह्याला बाकी कायबी येत न्हाई, पण ताल हाय. माझ्या हातात पहिली खंजिरी पडली ती तिच्यामुळं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं मी तिच्याशी जे केलं ते ऐकताना हे ध्यानात असलेलं बरं.

त्या गाण्याच्या शिट्टीसाठी मुंबईहून एक गृहस्थ आणले होते. शिट्टी हाच त्यांचा धंदा. पांढरी पॅंट, पांढरे बूट, गळ्याला रेशमी रुमाल, ओठांना चोळायची कसलीशी डबी खिशात. पाहुणा गावात आला म्हटल्यावर आम्ही काय करणार? सकाळी सकाळी त्यांना मिसळ खायला नेलं. आता कुणीही शहाण्या माणसानं सांगितलं असतं की ज्याच्या ओठांवर आज गाणं उभं आहे त्याला आपला कट, म्हणजे मिसळीवरचा तो लालभडक जाळ रस्सा, पाजू नये. पण आम्ही कोल्हापूरचे! पाहुण्याला कमी तिखट वाढणं म्हणजे अपमान. 'पावणं, आनि एक वाटी घ्या की. पावणं, लाजू नका.' त्यांनीही इरेला पेटून घेतली. स्टुडिओत पोहोचेपर्यंत त्यांचा खालचा ओठ सुजून हा एवढा झाला — भोपळी मिरचीच, अगदी देठासकट. माइकसमोर उभे राहिले, फुंकर मारली, आणि नुसतं फुस्स.

तेव्हा आत्तासारखं नव्हतं — आज शिट्टी, उद्या ढोलकी, परवा जोडायचं. सगळे वादक एका खोलीत, एका दमात. एक चुकला की सगळे पहिल्यापासून. आणि मुख्य गायिकेला संध्याकाळची गाडी धरायची होती. गाडी गेली की गाणं गेलं. संगीतकार डोकं धरून पायरीवर बसले. कुणी बर्फ आणला, कुणी दही आणलं, एकानं त्या बिचाऱ्यांच्या ओठाला तूप लावलं. काही उपयोग नाही.

तेव्हा कोरसच्या घोळक्यातून इंदूताई पुढं आली. म्हणाली, 'म्या मारू?'

बाईनं शिट्टी मारायची? त्या काळात? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पण संगीतकारांकडं दुसरा इलाज काय होता? तिनं पदर खोचला, डोळे मिटले आणि मारली. लांब, सरळ, आणि शेवटाला वर जाणारा तो झोका — ज्यासाठी अख्खा महाराष्ट्र वेडा झाला — तो झोका कुणी बसवलेला नव्हता हो. संध्याकाळी आसपास कुणी नसलं की म्हशींना रंकाळ्यावरून घराकडं वळवताना ती अशीच शिट्टी मारायची. पहिल्याच वेळेला गाणं ओके झालं. मुंबईचे ते गृहस्थ सुजल्या ओठानं काहीतरी म्हणाले, कळलं नाही, पण दोन्ही हात जोडले होते.

माझ्या माहितीप्रमाणे मराठी गाण्यात बाईनं शिट्टी मारल्याची ती पहिलीच वेळ. 'पहिलं' म्हणून मी स्टेजवरून शेकडो गोष्टी सांगितल्या. खरीखुरी जी एक होती, ती तेवढी दाबली.

बाहेर आल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, 'बाळ्या, कुणी इचारलं तर तूच मारलीस म्हन. माझं लगीन हुईस्तोवर.' तिची सोयरीक गारगोटीकडं जमत आली होती. शिट्टी मारणारी पोर कोण पदरात घेणार? मी छाती काढून हो म्हटलं. खोलीतल्या बाकीच्यांना संगीतकारांनीच गप्प राहायची शपथ घातली, आणि पुढं ती मंडळी एकेक करून पांगली, काही तर गेलीही.

बघा, इथं मला किती सोपं होतं! सांगता आलं असतं तुम्हाला — मी तिच्यासाठी खोटं बोललो, तिची अब्रू राखली. बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगून झोपवलं. पण तिनं शिट्टी माझ्याकडं सांभाळायला दिली होती, आणि तीसुद्धा लग्न होईपर्यंत. लग्न झालं. गारगोटीला गेली. पुढं नवऱ्यासकट परत कोल्हापुरात येऊन तिनं गोठा घातला, पोरं झाली, सुना आल्या. मग मी गप्प का होतो? कारण तोवर मी 'शिट्टीवाला' झालो होतो. ऑर्केस्ट्रानं मला खंजिरीवरून उचलून माइकसमोर उभं केलं ते त्या शिट्टीमुळं. बायको मिळाली ती शिट्टीमुळं — सासरे त्या गाण्याचे भक्त. पोटात घास जात होता तो इंदूताईच्या फुंकरीवर, आणि मला ते अगदी नीट ठाऊक होतं.

ती कधी बोलली नाही. तिच्या कट्ट्यावर — म्हशी समोर बांधून तिथंच धार काढून दूध देतात, तो आमचा कोल्हापुरी कट्टा — दूध प्यायला गेलो की धारोष्ण दुधाचा पेला भरून हातात द्यायची, फेस वर येईपर्यंत. विचारायची, 'काय शिट्टीवालं, काय म्हनतंय गाणं?' डोळ्यात मिश्कील हसू. टोमणा होता का? मला वाटायचं, नसावा. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

आता ते सांगतो.

त्या गाण्याच्या आठवणींचा एक कार्यक्रम ठरला. हॉल गच्च. निवेदक मी, सत्कारमूर्तीही मीच — स्वतःच्याच गळ्यात हार घालायचा बाकी होता. शेवटी लोकांनी प्रश्न विचारायचे. कुणी संगीतकारांबद्दल विचारलं, कुणी मुंबईच्या पाहुण्यांबद्दल. मी मिसळीचा किस्सा रंगवला, मात्र ओठ सुजल्यावर पुढं आलो तो मी. हॉल हसून लोटपोट. आणि तिसऱ्या रांगेतून एक शाळकरी पोर उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी. इंदूताईची नात, सोनाली. माइक हातात घेऊन ती म्हणाली, 'ती शिट्टी माझ्या आज्जीनं मारलीया.'

पुढच्या रांगांतल्या माना मागं वळल्या. पोरीचा आवाज कापत होता, पण ती खाली बसली नाही. तिच्या शेजारी इंदूताई. नवरा जाऊन वर्ष झालेलं, आता कुणाला भ्यायचं कारण उरलेलं नव्हतं. तिनंच नातीला सांगितलं असणार — इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवून 'नको' म्हटलं नाही. 'हो'ही म्हटलं नाही. ती नुसती माझ्याकडं बघत होती. वाट बघत होती.

किती सोपं होतं! खाली उतरून तिचा हात धरून तिला वर आणायचं. म्हणायचं, मंडळी, हा बघा खरा किस्सा! आयुष्यातली सगळ्यात मोठी टाळी पडली असती, आणि ती खरी असती. माझ्यासारख्या टाळीच्या भुकेल्याला एवढंही कळू नये?

मी काय म्हणालो, ऐका. माइकमध्ये हसलो आणि म्हणालो, 'आगं पोरी, आज्जीनं म्हशीला मारली आसंल शिट्टी. बघ बरं, गाण्यात कुठं म्हस आली का?'

हॉल फुटला. मागून कुणीतरी हंबरलं. मग दुसऱ्यानं. पोरीचा चेहरा — तो मी सांगत नाही. आणि इंदूताईनं काय करावं? तोंडाला पदर लावला आणि सगळ्यांबरोबर हसली. नातीला हाताला धरून खाली बसवलं.

हा माझा अपराध. शिट्टी घेतली हा नव्हे, हा. तिची शिट्टी म्हशींना बोलवायची होती हे त्या हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं — तिला आणि मला. तेच मी उचलून तिच्यावर फेकलं. दुसरं काही सुचलं असतं तर ती निदान नुसती थाप तरी झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावर गेलो. पाय कसे गेले मला ठाऊक नाही. ती धार काढत होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं पेला पुढं केला. सोनाली बादली धरून उभी होती, तिनं वर बघितलं नाही. इंदूताई म्हणाली, 'तुझं पोट हाय रं त्या शिट्टीवर. माझं म्हशींवर हाय. पी.'

मी प्यालो. बरं वाटलं मला, हेही सांगतो. सुटलो असं वाटलं. पोरीचं काय, हे डोक्यात आलंच नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती मला दूध देत राहिली. मला कावीळ झाली तेव्हा डबा पाठवायची, माझ्या पोरीच्या लग्नात खव्याची जबाबदारी तिनं घेतली. माझ्यासारख्या माणसाला असं कुणी का जपावं? मला आजही कळलेलं नाही. खंजिरी, माइक, घर, बायको, गावातलं नाव — माझ्याजवळ जे जे आहे त्यातलं एकही असं नाही की ज्याच्या मागं जाऊन बघितलं तर तिथं इंदूताई उभी नसेल. इतकं घेऊनही मी कधी 'तुझे उपकार' एवढे दोन शब्द म्हटले नाहीत. म्हटले असते तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली.

सोनाली आता वारणानगरच्या एका कॉलेजात शिकवते, तिथंच खोली घेऊन राहते. मी एसटीनं गेलो. वाटेत कशी सुरुवात करायची ते जुळवत होतो — सवयच ती, उघडायचं वाक्य, मध्ये एक विनोद. दार उघडल्यावर सगळं विसरलो. तिनं आत घेतलं, पाणी दिलं, काका म्हणाली. मी सांगून टाकलं. मिसळ, सुजलेला ओठ, पदर खोचून पुढं आलेली तिची आज्जी, बाहेर मला काय म्हणाली ते, आणि हॉलमध्ये मी काय केलं ते. एकही शब्द वाढवला नाही. पहिल्यांदाच.

तिनं माझ्यापुढचा पाण्याचा रिकामा पेला उचलून आत ठेवला. मला वाटलं, विश्वास बसला नसणार. का बसावा? मग ती हळू म्हणाली, 'गोठ्यात रेडिओवर ते गाणं लागलं की सगळ्या म्हशी चारा सोडून माना वर करायच्या. लहानपणी मला वाटायचं, म्हशींनापण गाणं आवडतं.'

आणि मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. त्या दिवसानंतर शाळेत पोरं तिला बघून हंबरायची. घरी येऊन ती आज्जीवर चिडली, म्हणाली, तू मला खोटं का सांगितलंस? आज्जी म्हणाली, चुकलं बाय माझं. तेव्हापासून सोनाली धरून चालली होती की आज्जीनं नातीजवळ मोठेपणा मिरवायला थाप मारली. शेवटच्या दुखण्यात आज्जी अंथरुणावर पडून ओठांचा चंबू करायची आणि फुंकायची. दात नव्हते, नुसता वारा यायचा. परत करायची. परत.

'मी म्हणायचे, आज्जी, पुरे झालं ते. बायका बघत्यात, हसतील.' सोनाली माझ्याकडं न बघता बोलत होती. 'मग ती गप पडायची.'



तिनं मोबाइल घेतला आणि ते गाणं लावलं. शिट्टी सुरू झाली — लांब, सरळ, शेवटाला वर चढणारी. वाद्यं सुरू व्हायच्या आत तिनं बोटानं थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा थांबवलं. पुन्हा लावलं. गाणं तिनं पुढं जाऊच दिलं नाही. हजार वेळा स्टेजवर ऐकलेली ती शिट्टी मी त्या दिवशी पहिल्यांदा, टाळीची वाट न बघता ऐकली. एक पोर होती, तिच्या छातीत किती वारा होता!

मी उठलो, चपला घातल्या. ती दारापर्यंत आली नाही. जिना उतरत होतो तेव्हा वरून तिच्या आज्जीची शिट्टी येत होती, संपत होती, आणि परत सुरू होत होती.